अमेरिकन ११०० : सिक्युरिटी पिनांचं कुलूप पिकने उघडताना

साधं पितळी कुलूप पिकने, म्हणजे किल्लीऐवजी आत घालायच्या बारीक सळईने, उघडायला जमू लागलं की माणसाला चेव येतो. पुढचं कुलूप म्हणून बहुतेकजण अमेरिकन लॉक कंपनीचं ११०० घेतात. रंगीत अ‍ॅल्युमिनियमची काया आणि आत पाचच पिना (किल्लीने उचलल्या जाणाऱ्या छोट्या दांड्या), तेव्हा साध्या कुलपापेक्षा फार वेगळं काय असणार? मग तासभर बसूनही ते उघडत नाही. पिना टकटक वाजतात, सगळ्या बसल्यासारख्या वाटतात, प्लग, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा आतला गोल भाग, जरासा फिरतोसुद्धा, आणि तिथेच थांबतो. पिक बदलला, भारीतला संच मागवला, तरी तेच.

अडचण पिकच्या हातात नसते. सिक्युरिटी पिनांचं, म्हणजे पिकला चकवण्यासाठी खास आकार दिलेल्या पिनांचं कुलूप टेन्शनच्या हाताने, म्हणजे प्लगवर वळणाचा दाब देणाऱ्या हाताने उघडतं. कधी किती सोडायचं हे त्या हाताला कळलं की उरलेलं काम सोपं आहे.

हा लेख ११०० समोर ठेवून लिहिला आहे, कारण त्यात स्पूल (मध्ये बारीक) आणि सेरेटेड (खाचांच्या) या दोन्ही जातीच्या पिना भेटतात आणि ते खोलून पुन्हा जुळवता येतं. छंद म्हणून कुलपं उघडणाऱ्यांच्या जगात कराटेसारखे पट्टे असतात. त्यात हे कुलूप हिरव्या पट्ट्याचं समजलं जातं, म्हणजे नवशिक्याचं नाही आणि अट्टल माणसाचंही नाही.

एक खुलासा लगेच करतो. आपल्याकडे दुकानाच्या शटरला आणि वाड्याच्या दाराला वर्षानुवर्षं लटकलेली गोदरेजची नवताल लिव्हरची असतात, त्यांत पिना नसतात. लालबागेत १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी सुरू केलेला कारखाना कुलपांचाच होता. पण लिव्हरचं यंत्र वेगळं आणि त्याची हत्यारंही वेगळी. पुढचं काहीही नवतालवर चालवून पाहू नका, नुसता वेळ जाईल.

कोणतं कुलूप उघडायचं आणि कोणतं नाही

छंदाचे दोन नियम जगभर पाळले जातात. कुलूप स्वतःच्या मालकीचं हवं, किंवा मालकाने स्पष्ट परवानगी दिलेली हवी. आणि ते कुठेही वापरात नसावं. दुसरा नियम लोक हलक्यात घेतात. पिकने कुलूप खराब होऊ शकतं: पिनांच्या कडा झिजतात, स्प्रिंग वाकते, आणि एके दिवशी किल्लीही चालेनाशी होते. घराच्या दाराला लावलेल्या कुलपावर सराव करणाऱ्याला हा धडा बाहेरून आल्यावर, पिशव्या हातात असताना मिळतो.

कारखान्यात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट जास्तीची. अशा रंगीत अ‍ॅल्युमिनियमच्या कुलपांचा एक मोठा उपयोग म्हणजे लॉकआउट. मशीनमध्ये हात घालण्याआधी फिटर मेन स्विच बंद करून त्यावर स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. ते कुलूप तिथे असेपर्यंत कुणाचा तरी हात मशीनमध्ये आहे असं समजायचं. ‘बघू जमतं का’ म्हणून तिथे पिक लावणं कुठल्याही कारणाने माफ होण्यासारखं नाही. सरावाचं कुलूप विकत घ्या, घरी ठेवा.

कायद्याचंही माहीत असू द्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार योग्य कारणाशिवाय जवळ सापडणं हा गुन्हा आहे. तुमच्या मनात छंद आहे हे नाक्यावरच्या हवालदाराला दिसत नाही. पिकचा संच गाडीच्या डिकीत किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये कायमचा टाकून फिरू नका. मित्राकडे न्यायचाच असेल तर दिवसा न्या आणि सरावाची कुलपंही सोबत असू द्या.

‘असलं शिकवलं तर चोरांचं फावेल’ हा आक्षेप जुनाच आहे. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात अमेरिकेचा आल्फ्रेड हॉब्ज आला आणि त्याने आधी चब या इंग्रज कंपनीचं डिटेक्टर कुलूप उघडलं. मग ब्रामा या दुसऱ्या इंग्रज कुलूपकाराचं ते कुलूप घेतलं, जे साठेक वर्षं पिकॅडिलीतल्या दुकानाच्या काचेत ‘उघडेल त्याला २०० गिनी’ अशा पाटीसह मिरवत होतं. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण तेही उघडलं. तेव्हाही हीच ओरड झाली होती. हॉब्जचं म्हणणं असं की चोर या धंद्यात तरबेजच असतात, अंधारात असतो तो गिऱ्हाईक. व्यवहारात पाहिलं तर चोर कटावणी आणि कटर वापरतो. अर्धा तास एका पिनेची मनधरणी करत बसायला त्याला फुरसत नसते.

हत्यारं

इथे पैसे कमी घालवा. दोन हुक, म्हणजे टोकाला वळलेले पिक, पुरतात, एक आखूड आणि एक मध्यम उंचीचा. ११०० चं किल्लीचं भोक अरुंद आणि वाकडंतिकडं आहे, म्हणून पिकची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी. जाड पिक भोकाच्या भिंतींना घासतो आणि मग पिन कुठली बोलते आणि भिंत कुठली, ते कळत नाही. रेक नावाचा करवती दातांचा पिक संचात येतोच. या कुलपापुरता तो विसरा.

टेन्शनर, म्हणजे प्लगवर दाब देणारी वाकवलेली पट्टी, निवडताना मात्र कंजुषी नको. भोकाच्या पिना नसलेल्या टोकाला बसणारा टेन्शनर पिकची जागा खातो. त्यापेक्षा पिनांच्या बाजूला, भोकाच्या अगदी तोंडाशी बसणारा चपटा टेन्शनर घ्या, साधारण एक मिलिमीटर जाडीचा. तो घट्ट बसला पाहिजे, डुगडुगता कामा नये. आणि त्याचं टोक पहिल्या पिनेला टेकत नाही हे बघा. टेकत असेल तर कानशीने थोडं घासून आखूड करा. पहिली पिन टेन्शनरखाली दबलेली असेल तर कितीही कौशल्य असलं तरी कुलूप उघडणार नाही, आणि दोष भलत्याच पिनेवर जातो.

याशिवाय चिमटा, खणांचा छोटा डबा, एक स्क्रूड्रायव्हर आणि प्लगच्याच जाडीची एक गोल दांडी. या दांडीला फॉलोअर म्हणतात. लाकडी काठी किंवा पेनाची नळी योग्य मापाची मिळाली तरी काम भागतं. तेल लावू नका, त्याने आत चिखल होतो. कुलूप कोरडं वाटत असेल तर चिमूटभर ग्राफाइट पुरे.

आधी किल्लीने उघडा आणि आत बघा

सिक्युरिटी पिन डोळ्याने न बघता बोटाने ओळखायचा हट्ट मला कधी पटला नाही. किल्ली हातात आहे, कुलूप आपलं आहे, तर खोलून बघा.

कुलूप उघडून कडी बाजूला वळवा. कडीचा आखूड पाय ज्या भोकात बसतो त्याच्या तळाशी स्क्रू दिसेल. तो सोडला की सिलिंडर, म्हणजे प्लग आणि पिना धरून ठेवणारा भाग, कुलपाच्या बुडातून बाहेर येतो. आता घाई नको. प्लगला मागून धरणारी क्लिप काढा, किल्ली घालून प्लग थोडासा फिरवा आणि मागून फॉलोअर लावून प्लग पुढे ढकला. फॉलोअर आणि प्लग यांत केसाचीही फट राहू देऊ नका. फट राहिली की ड्रायव्हर पिना (स्प्रिंगखालच्या वरच्या पिना) आणि स्प्रिंगा त्यात उडी मारतात. हे काम पांढऱ्या टॉवेलवर किंवा कडा असलेल्या ताटात करा. फरशीवर पडलेली स्प्रिंग सापडत नाही.

प्लगमध्ये राहिल्या त्या की पिना. त्यांचं किल्लीला लागणारं टोक निमुळतं असतं. सिलिंडरमधून फॉलोअर हळूहळू मागे घेत एकेक बाहेर काढाल त्या ड्रायव्हर पिना. दोन्ही उजेडात धरा. काही ड्रायव्हर मध्ये कंबर काढल्यासारखे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद दिसतील. दोऱ्याच्या रिळासारखा हा आकार, म्हणजे स्पूल. काहींवर अंगभर बारीक आडव्या खाचा असतील, ते सेरेटेड. आणि ११०० ची खरी खोडी अशी की की पिनांवरही तशाच खाचा असतात. याचं कारण पुढे कळेल.

किल्लीही नीट बघा. जिथे काप खोल आहे तिथली की पिन लांब, म्हणजे तिला फार उचलावं लागत नाही. जिथे काप उथळ आहे तिथली पिन आखूड, तिला बरंच वर न्यावं लागतं. लांब पिनेच्या मागे आखूड पिन दडलेली असेल तर तिथे मध्यम हुक लागणार, आखूड हुक पोचणार नाही. हे सगळं वहीत टिपून ठेवा: पाच जागा, प्रत्येक जागेची की पिन लांब की आखूड, ड्रायव्हर कोणत्या जातीचा.

दोन पिनांपासून

पाचही पिना परत घालून लगेच भिडू नका. सिलिंडरमधले तीन खण, म्हणजे पिनांची भोकं, पूर्ण रिकामे ठेवा, स्प्रिंगसुद्धा नको. एका खणात साधा ड्रायव्हर घाला. तो ११०० मध्ये मिळाला नाही तर दुसऱ्या जुन्या कुलपातून मापात बसणारा घ्या. दुसऱ्या खणात स्पूल. सिलिंडर कुलपाबाहेरच, हातात धरून सराव करा.

मुळात पिकने कुलूप उघडतं ते कारागिरीतल्या फरकामुळे. पिनांची भोकं एका रेषेत पाडलेली असली तरी ती रेषा तंतोतंत सरळ कधीच नसते. प्लगवर वळणाचा हलका दाब दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, एखादीच आधी अडकते. ती उचलून तिचा ड्रायव्हर प्लग आणि सिलिंडर यांच्या सीमेपलीकडे गेला की टक असा बारीक आवाज येतो, प्लग केसभर फिरतो आणि पुढची पिन अडकते. या सीमेलाच शिअर लाइन म्हणतात.

दाब किती हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो आणि ‘हलका’ या उत्तराने कुणाचंच समाधान होत नाही. एक उपाय सांगतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या आणि टेन्शनरवर ठेवता त्याच बोटाने त्यावर दाबा. तुमचा ‘हलका’ दाब काट्यावर किती दिसतो ते पाहा. मग आकडा निम्म्यावर आणा, पुन्हा निम्म्यावर. आकडा पाठ करायचा नाही, बोटाला निम्मं म्हणजे काय ते कळू द्यायचं. या कुलपात सारखं निम्मं आणि पाव करावं लागतं.

फॉल्स सेट

आता दोन पिनांच्या सिलिंडरवर दाब द्या. साधी पिन बसवा, मग स्पूल उचला. अचानक प्लग चांगला ठळक फिरेल, आधीच्या केसभर हालचालीपेक्षा कितीतरी जास्त. वाटेल, उघडलं. उघडलेलं नसतं. स्पूलची बारीक कंबर शिअर लाइनवर आली आहे, प्लग त्या कंबरेत घुसून तिरका उभा आहे, आणि स्पूलची खालची रुंद कड प्लगच्या आतच अडकून आहे. हा फॉल्स सेट. नवशिक्याला तो हुलकावणी वाटतो, पण खरं तर ती खबर आहे: या कुलपात स्पूल आहे आणि तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात.

याच स्थितीत पिकने स्पूलखालच्या पिनेवर जोर द्या आणि टेन्शनच्या बोटाकडे लक्ष ठेवा. प्लग उलटा फिरू पाहतो. टेन्शनर बोटाला मागे रेटतो, अगदी स्पष्ट. कारण स्पूलची कड वर जायची तर प्लगला तिच्या वाटेतून बाजूला व्हावंच लागतं. इथे नवा माणूस हमखास बोट घट्ट करतो, कारण आजवर त्याला मागे जाणारा प्लग म्हणजे हातची कमाई गेली असंच शिकवलेलं असतं. बोट घट्ट केलं की स्पूल जागचा हलत नाही. मग तो पिकने जास्त जोर करतो, पिक वाकतो, पिन भलतीकडे जाते.

करायचं एवढंच: बोटाने प्लगला मागे येऊ द्या, पण सोडून देऊ नका. पिकचा हात उचलत राहील आणि टेन्शनचा हात हरत जाईल, मात्र पायरी पायरीने. कड सीमेपलीकडे गेली की टक होतं आणि प्लग पुन्हा पुढे येतो. दोन पिनांत हे डोळे मिटून करता आलं की तिसरा खण भरा, तिथेही स्पूल घाला. आता खरी कसरत सुरू होते, कारण एका स्पूलसाठी प्लग मागे आला की आधी बसवलेली दुसरी पिन खाली पडू शकते. पडली तर पडू द्या. पडल्याचा आवाज ओळखा, ती शोधा, पुन्हा बसवा, परत मूळ स्पूलकडे या. जास्त सोडलं की सगळं कोसळतं आणि कमी सोडलं की काहीच हलत नाही. या दोहोंमधली जागा प्रत्येक कुलपात वेगळी असते.

सेरेटेड पिना आणि हलवून बघणं

सेरेटेड पिन प्लगला ठळक मागे फिरवत नाही. ती दर खाचेला एक बारीक टक देते आणि प्रत्येक टक खरा वाटतो. पहिल्या टकला ‘बसली’ म्हणून पुढे जाल तर पाचही पिना पहिल्याच खाचेवर लटकलेल्या सापडतील. उलट एकाच पिनेला टकटक करत वर नेत राहिलात तर ती सीमा ओलांडून जाईल आणि खालच्या की पिनेची खाच शिअर लाइनवर अडकेल. की पिनांवर खाचा कशासाठी, ते इथे कळतं. जास्त उचलणाऱ्यालाही कुलूप ‘टक’ म्हणून खोटी शाबासकी देतं.

म्हणून आवाजावर विश्वास ठेवू नका. हलवून विचारा. पिकच्या टोकाने पिनेला खालून हलकेच दोन-तीनदा स्पर्श करा. पिन स्प्रिंगसारखी मऊ खालीवर होत असेल तर तिची पाळी अजून आलेली नाही. घट्ट, भिंतीसारखी लागली तर तीच अडकलेली पिन आहे, काम तिच्यावर करा. ती बसली असेल तर वरची स्प्रिंग तिच्यापर्यंत पोचत नाही, की पिन एकटीच थोडीशी खुळखुळते. आणि अजिबात हलत नसेल, टक नाही, खुळखुळ नाही, उचलूनही प्लग हूं की चूं करत नसेल, तर ती जास्त उचलली गेली आहे.

भिंतीसारखी लागणारी आणि मेलेली (जास्त उचललेली) यांतला फरक सुरुवातीला कळत नाही. अडकलेल्या पिनेला किंचित जोर दिला की काहीतरी सरकल्याची करकर बोटाला येते. मेलेल्या पिनेतून काहीच येत नाही.

सेरेटेड पिनेवर एका फेरीत एकच टक घ्यायचा. टक झाला की ती सोडा, बाकी चार तपासा, जी अडकली असेल तिला एक टक द्या, पुन्हा फेरी. काही पिना एका टकात बसतील, काहींना तीन लागतील. दाब इथे स्पूलपेक्षाही कमी ठेवा, कारण दाब जास्त असेल तर प्रत्येक खाच पकडते.

पाचही पिना, कुलपासकट

आता सगळं भरून सिलिंडर कायेत बसवा आणि स्क्रू आवळा. कडी बंद करण्याआधी किल्लीने दोनदा फिरवून बघा. पिना चुकीच्या जागी गेल्या असतील तर ते आत्ताच कळलेलं बरं. दहा मिनिटांनी कळलं तर कुलूप बंद, किल्ली निरुपयोगी आणि स्क्रू कडीखाली अशी अवस्था होते.

आधी दाब न देता पिक शेवटच्या पिनेपर्यंत नेऊन पाचही पिना एकेक करून मोजा. मग काट्यावर शिकलेला दाब द्या आणि मागून पुढे येत अडकलेली पिन शोधा. कोणती पिन कितव्या नंबरला अडकली ते वहीत लिहा, उदाहरणार्थ ४-२-५-१-३. त्याच कुलपात, सारख्याच दाबाला हा क्रम बहुधा तोच राहतो. दाब वाढवला तर बदलू शकतो, म्हणून हात स्थिर ठेवायला हा क्रम उपयोगी पडतो.

पहिल्या फेऱ्या सेरेटेड पिनांच्याच समजा. मग केव्हातरी प्लग ठळक फिरेल, फॉल्स सेट. इथून पिक फिरवताना प्रत्येक पिनेवर थांबून एकच प्रश्न: बोट मागे रेटलं जातंय का? जिथे रेटलं जातं तिथे स्पूल बाकी आहे. तिथे बोट सैल करा आणि उचला. कुठेच रेटलं जात नसेल आणि प्लग फिरलेलाच असेल, तर दोनपैकी एक: एखादी पिन जास्त उचललेली आहे, किंवा लांब पिनेमागची आखूड पिन पिकला सापडलेलीच नाही. दुसरी शक्यता आधी तपासा, वहीत तिची जागा लिहिलेली आहेच.

पिन जास्त उचलली गेली असेल तर सगळं सोडून नव्याने सुरू करायची गरज नसते. बोट अगदी सावकाश सैल करत जा आणि कान द्या. पिना एकेक करून पडतात. हवी ती पडली की तिथेच थांबा. कधी एका पिनेवर भागतं, कधी तीन जातात, तरीही दोन शिल्लक राहतात.

शेवटची पिन बसली की प्लग कुठेही न अडता फिरतो. तरी कुलूप लगेच उघडेलच असं नाही. मागचा भाग फिरवून कडीच्या गोळ्या मोकळ्या करायला थोडा जोर लागतो, आणि त्या क्षणी पातळ टेन्शनर वाकला तर प्लग परत फिरून पिना पुन्हा पकडल्या जातात. पिक बाहेर घ्या, टेन्शनर बुडाशी पकडा आणि एका दमात पूर्ण वळण द्या.

पहिल्यांदा उघडलं की ते पुन्हा बंद करून लगेच बसा. एकदा उघडलेलं कुलूप नशिबानेही उघडलेलं असू शकतं. लागोपाठ उघडू लागलं की त्याची मजा संपते, कारण हाताला क्रम पाठ होतो. तेव्हा ते पुन्हा खोला आणि ड्रायव्हरांची अदलाबदल करा: स्पूल पुढच्या खणातून मागच्या खणात, सेरेटेड आखूड पिनेवर. ड्रायव्हर हलवले तरी की पिना जागच्या जागी असतील तर किल्ली चालत राहते आणि कुलूप मात्र नवं होतं. अदलाबदलीआधी पिना ओळीत मांडून मोबाइलवर एक फोटो काढा, खण क्रमांकासकट. की पिना मिसळल्या तर व्हर्नियरने एकेक मोजून, किल्लीच्या कापांशी जुळवत बसावं लागतं, आणि त्या खाचांमुळे मापही धड येत नाही.